आक्षेपांना उत्तर देणारे आचार्य : ओरिजेन

आरंभीच्या ख्रिस्तसभेवर दोन प्रकारचे आघात झाले. एक तलवारीचा, दुसरा लेखणीचा. हे दोन्ही ज्यांनी आपल्या आयुष्यात झेलले, ते थोर आचार्य म्हणजे ओरिजेन.

इ. स. १८५ च्या सुमारास इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील लिओनिदस यांनी त्यांना ग्रीक विद्येबरोबरच पवित्र शास्त्राचे धडे दिले. २०२ साली सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या कारकिर्दीत वडिलांना अटक झाली. कोवळ्या वयातील ओरिजेन यांनाही रक्तसाक्षी होण्याची ओढ लागली. तेव्हा आईने त्यांचे कपडे लपवून त्यांना घरीच रोखले. मग त्यांनी वडिलांना पत्र लिहून, कुटुंबाच्या काळजीपोटी निर्धार न बदलण्याची विनवणी केली. लिओनिदस यांनी प्राणार्पण केले, मालमत्ता जप्त झाली. पुढे लवकरच बिशप देमेत्रियस यांनी या तरुणाकडे धर्मशिक्षणाचे कार्य सोपविले. मात्र कालांतराने दोघांत मतभेद झाले आणि ओरिजेन पॅलेस्टाईनमधील कैसरिया येथे स्थायिक झाले.

सुमारे १७८ साली सेल्सस नावाच्या मूर्तिपूजक तत्त्ववेत्त्याने ख्रिस्ती श्रद्धेविरुद्ध ग्रंथ लिहिला होता. अँब्रोज या स्नेह्याने तो ओरिजेन यांच्याकडे पाठवून उत्तराचा आग्रह धरला. खोट्या साक्षीदारांसमोर प्रभू येशू मौन राहिले; त्यांच्या शिष्यांचे जीवन हेच खरे उत्तर, असे ओरिजेन यांना वाटत होते. तरीही श्रद्धेत दुर्बल असलेल्यांसाठी २४८ च्या सुमारास त्यांनी आठ खंडांचा ग्रंथ सिद्ध केला.

सेल्ससच्या मते येशूचे चमत्कार ही इजिप्तमध्ये शिकलेली जादू होती. ओरिजेन यांनी विचारले, कोणता जादूगार प्रेक्षकांना जीवनपरिवर्तनाचे आवाहन करतो? पुनरुत्थान म्हणजे एका भ्रमिष्ट स्त्रीची कल्पना व इतरांचे स्वप्न, असाही सेल्ससचा दावा होता. त्यावर ओरिजेन यांचे उत्तर असे : क्रूसावरील मरण सर्वांसमक्ष घडले, त्यामुळे ते बनावट म्हणता येत नाही. भरदिवसा, शुद्धीवर असलेल्या माणसांना झालेले दर्शन स्वप्न ठरत नाही. आणि ती स्त्री भ्रमिष्ट असल्याचा शुभवर्तमानात मागमूसही नाही. शिवाय ज्या शिष्यांनी पेत्राने केलेला नकार आणि स्वतःचे पलायनही लपविले नाही, ते कपोलकल्पित कथेसाठी छळ व मरण का पत्करतील?

विशेष म्हणजे ओरिजेन यांनी विरोधकाचे म्हणणे दडपले नाही. सेल्ससचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. आज तो आपल्याला कळतो तो मुख्यतः ओरिजेन यांनी उद्धृत केलेल्या उताऱ्यांमुळेच!

शब्दांनी दिलेल्या साक्षीची कसोटी लवकरच लागली. २५० साली सम्राट डेशियसच्या छळात वृद्ध ओरिजेन यांना तुरुंगात साखळदंड व अमानुष यातना सोसाव्या लागल्या. त्यांनी श्रद्धा सोडली नाही. सुटकेनंतर थोड्याच काळात, २५४ च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

त्यांची काही मते ख्रिस्तसभेने पुढे अमान्य केली आणि त्यांना संतपदही लाभले नाही. तरी २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आपल्या दोन धर्मशिक्षणपर प्रवचनांत त्यांचा गौरव केला.

सेल्ससचे आक्षेप आजही नव्या वेषात आपल्या मुलामुलींच्या कानी पडतात. त्यांचे प्रश्न रागावून गप्प करण्याऐवजी शांतपणे ऐकावेत, अभ्यासपूर्वक उत्तर द्यावे आणि त्या उत्तराला आपल्या जीवनाची जोड द्यावी, हाच ओरिजेन यांचा वारसा आहे.