आजचं वचन : लूक ९:२३

रोज आपला वधस्तंभ उचलायचा म्हणजे नेमकं काय, प्रियांनो? माझ्या लॅपटॉपच्या बॅगेलाही क्रूसाची किचेन आहे. ती उचलायला काहीच कष्ट पडत नाहीत.

मला आपल्या नगरचे रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, तो त्याग पुष्कळांना ठाऊक आहे. मला जड वाटतो तो आधीचा क्रूस. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू काही वर्षं दुरावले. पुढे लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्याही सोवळं पाळतच. टिळकांनी बळजबरी केली नाही, वाट पाहिली. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.