जोसेफ पुलित्झर : बातमीची शाळा काढणारा माणूस

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा समितीचा निरोप ग्रुपवर आला. सगळ्यांनी शाळेच्या आठवणी लिहायच्या ठरवल्या, आणि मी मात्र एका हंगेरियन माणसाबद्दल लिहायला बसले आहे. याला कारण माझी मुलगी. ती यंदा बारावीला आहे. पत्रकारिता, चित्रपट, जाहिरात आणि जनसंपर्क हे सगळं एकाच छपराखाली शिकवणाऱ्या कॉलेजात तिला जायचं आहे. मी पडले इंजिनियर. असल्या गोष्टी कॉलेजात शिकून येतात का, असं मी तिला विचारलं आणि घरात दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी मी वाचायला लागले, तेव्हा समजलं की माझाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या संपादकांनी जोसेफ पुलित्झरला विचारला होता.

पुलित्झर हे नाव आपल्याला पारितोषिकामुळे माहीत आहे. माणूस कुणाला फारसा माहीत नाही. मलाही नव्हता.

१० एप्रिल १८४७ रोजी हंगेरीतल्या माको गावी एका ज्यू घरात त्याचा जन्म झाला. वडील धान्याचे व्यापारी. मुलगा अकरा वर्षांचा असताना ते गेले आणि मागोमाग धंदाही बुडाला. पोराला सैन्यात जायचं होतं, पण अंगकाठी किरकोळ आणि डोळे अधू, म्हणून युरोपात कुणी घेईना. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. तिथल्या सैन्याला माणसं हवी होती, तेव्हा १८६४ साली तो बोटीनं तिकडं पोचला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. युद्ध संपल्यावर खिसा रिकामा. मग सेंट लुईसला जाऊन खेचरं सांभाळ, हॉटेलात वाढप कर, मिळेल ते काम कर, असं चाललं. उरलेल्या वेळात तो वाचनालयात बसून इंग्रजी शिकायचा.

त्याची पहिली बातमी कशी झाली ते मला फार आवडलं. लुइझियानातल्या उसाच्या मळ्यावर नोकरी देतो, असं सांगून एका माणसानं त्याच्याकडून आणि इतर बऱ्याच जणांकडून पाच-पाच डॉलर घेतले, बोटीत बसवलं आणि शहरापासून कित्येक मैलांवर उतरवून बोट निघून गेली. सगळे पायी परत आले. इतरांनी शिव्या दिल्या असतील. यानं घडलं तसं लिहून काढलं आणि तिथल्या जर्मन वर्तमानपत्रानं ते छापलं. १८६८ साली तो त्याच पत्रात बातमीदार झाला.

त्यानंतरची दहा वर्षं मी भराभर सांगते. कायद्याचं वय पुरं नसताना तो आमदार झाला. एका कंत्राटदाराशी भांडण होऊन त्याच्या पायावर गोळी झाडली आणि दंड भरला. म्हणजे माणूस तापट होता, हे लपवण्यात अर्थ नाही. १८७८ मध्ये त्यानं लिलावात अडीच हजार डॉलरला एक दिवाळखोर वर्तमानपत्र घेतलं, दुसऱ्या एका पत्रात विलीन केलं आणि नफ्यात आणलं. १८८३ मध्ये त्यानं जे गूल्ड या धनाढ्याकडून तोट्यातलं 'न्यूयॉर्क वर्ल्ड' ३,४६,००० डॉलरला हप्त्यानं विकत घेतलं. तेव्हा खप जेमतेम पंधरा हजार होता. दोन वर्षांच्या आत तो लाखाच्या पुढं गेला.

हे कसं जमलं? नुकतंच बोटीतून उतरलेल्या, मोडकं इंग्रजी वाचणाऱ्या माणसासाठी तो पेपर काढत होता. मथळे ठळक, वाक्यं छोटी, चित्रं भरपूर, किंमत दोन सेंट. स्वतः एकदा तसाच उतरला होता ना!

१८८५ मधली चौथऱ्याची गोष्ट ऐका. फ्रान्सनं दिलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा खोक्यांमध्ये भरून आला, पण त्याखालच्या चौथऱ्याला पैसे नव्हते आणि श्रीमंत हात आखडून बसले होते. पुलित्झरनं जाहीर केलं की जो काही देईल त्याचं नाव 'वर्ल्ड'मध्ये छापू, रक्कम कितीही लहान असो. पाच महिन्यांत एक लाखाहून अधिक डॉलर जमले, देणारे सव्वा लाखाच्या घरात, आणि बहुतेकांनी एक डॉलरहून कमी दिलेला. शाळकरी पोरांनी खाऊचे पैसे पाठवले. आपल्या हॉलसाठी आपण दोन-दोन रुपयांची कुपनं फाडत दारोदार हिंडलो होतो, त्याची आठवण झाली. आपली नावं मात्र भिंतीवर लागली नाहीत. लागली ती मोठ्या देणगीदारांची.

१८८७ मध्ये नेली ब्लाय ही तरुण बातमीदार 'वर्ल्ड'साठी वेड्याचं सोंग घेऊन स्त्रियांच्या वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस राहिली. तिनं तिथले हाल छापल्यावर शहराला त्या इस्पितळांसाठी जादा पैसे द्यावे लागले.

इतकं चांगलं चाललेलं असताना त्याचे डोळे गेले. १८९० पर्यंत तो जवळजवळ आंधळा झाला होता आणि आवाज सहन न होण्याचा विकार जडला होता. जेवताना चमचा वाजला तरी त्याला त्रास व्हायचा. 'वर्ल्ड'ची सोनेरी घुमटाची इमारत त्या वर्षी उभी राहिली. ती न्यूयॉर्कमधली सर्वांत उंच इमारत होती, पण उद्घाटनाला मालक हजर नव्हता. पुढची एकवीस वर्षं तो बोटीवर नाहीतर जाड भिंतींच्या खोल्यांमध्ये राहिला. सचिव त्याला पेपर वाचून दाखवत आणि तो तारेनं हुकूम सोडत असे. तारा कुणी वाचू नयेत म्हणून त्यानं सांकेतिक शब्दांचं पुस्तकच केलं होतं. त्यात त्याचं स्वतःचं नाव होतं 'अँडीज'. पंचवीस वर्षं दूर बसलेल्या टीमबरोबर काम करणाऱ्या मला हा माणूस एकदम ओळखीचा वाटला. १९०७ मध्ये रोदाँनं त्याचा अर्धपुतळा घडवला, तोही त्याला धड पाहता आला नाही.

आता त्याची काळी बाजू. १८९५ मध्ये विल्यम हर्स्ट स्पर्धेत उतरला आणि दोघांनी खपासाठी ताळतंत्र सोडलं. क्यूबाच्या बातम्या भडक करून छापल्या. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धाला या दोन पेपरांनी हवा दिली, हा ठपका त्याच्यावर कायमचा बसला. युद्धात पेपर विकणाऱ्या पोरांना शंभर अंकांमागे पन्नासऐवजी साठ सेंट पडू लागले. युद्ध संपल्यावर इतरांनी दर उतरवला, या दोघांनी नाही. १८९९ च्या जुलैमध्ये त्या पोरांनी संप केला. न खपलेले अंक परत घेण्याचं कबूल करून घेऊनच ती कामावर आली. एकेकाळी पाच डॉलरला फसलेला माणूस पोरांच्या दहा सेंटसाठी अडून बसला, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्याआधीच, १८९७ च्या अखेरीस, त्याची सतरा वर्षांची मुलगी ल्युसील विषमज्वरानं गेली होती.

शाळेची कल्पना मात्र त्याच्या डोक्यात जुनी होती. १८९२ मध्ये त्यानं कोलंबिया विद्यापीठाला पैसे देऊ केले होते. विश्वस्तांनी नकार दिला, कारण बातमीदारी हा त्यांच्या लेखी विद्यापीठाचा विषय नव्हता. १९०३ मध्ये त्याच विद्यापीठानं वीस लाख डॉलरची देणगी मान्य केली. तेव्हा धंद्यातलेच लोक हसले. बातमीदार जन्मावा लागतो, घडवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. १९०४ मध्ये त्यानं मोठा लेख लिहून उत्तर दिलं. कायदा, इतिहास, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, भाषा आणि नीती यातलं काहीही कुणी पोटातून शिकून येत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

त्याचा हट्ट एका बाबतीत विशेष होता. या शाळेत जाहिराती कशा मिळवायच्या, खप कसा वाढवायचा हे शिकवायचं नाही. हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांच्या आराखड्यात वर्तमानपत्राची धंद्याची बाजू होती. ती त्यानं नाकारली. खप वाढवण्यात ज्याचा हात कुणी धरू शकला नसता, तोच हे म्हणत होता. संपाची आणि क्यूबाची टोचणी त्यामागं होती का? मला तसं वाटतं.

सल्लागार मंडळावर कोण असावं यावरून विद्यापीठाशी त्याचं बिनसलं आणि शाळा रखडली. १९०८ मध्ये मिसूरी विद्यापीठानं पत्रकारितेची शाळा काढलीसुद्धा. २९ ऑक्टोबर १९११ रोजी चार्ल्स्टनच्या बंदरात आपल्या बोटीवर, सचिवाचं वाचन ऐकता ऐकता पुलित्झर वारला. कोलंबियातली शाळा सप्टेंबर १९१२ मध्ये उघडली. पहिल्या तुकडीत मुलीही होत्या. इमारत १९१३ मध्ये पुरी झाली. त्याच वर्षी बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. त्यांनी 'मूकनायक' काढलं ते १९२० मध्ये. पारितोषिकं १९१७ पासून सुरू झाली. 'वर्ल्ड'ची इमारत पुढं पाडली गेली, पण तिच्यातली स्वातंत्र्यदेवीची रंगीत काचेची खिडकी आज त्या शाळेत आहे.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, मग जाहिरात आणि बातमी एकाच वर्गात शिकवतात ते चूक की बरोबर? मला उत्तर देता आलं नाही.

नववीत आपल्या भित्तिपत्रकावर मी पाण्याच्या टाकीला झाकण नसल्याचं लिहिलं होतं, ते कुणाला आठवतं का? कागद काढून टाका, असं काहींचं म्हणणं होतं. मराठीच्या बाईंनी तो काढू दिला नाही. त्यांनी मला फक्त टाकी स्वतः पाहिलीस का, एवढंच विचारलं. मी पाहिली नव्हती. मग मधल्या सुट्टीत शिपाईकाकांबरोबर शिडीनं वर चढून पाहून आले आणि बातमीत एक ओळ वाढवली. आठवड्याभरात झाकण बसलं.

मेळाव्याला बाई येणार आहेत असं कळलं. लेकीच्या फॉर्मवर माझी सही अजून व्हायची आहे. फॉर्म आणि लेक, दोघांनाही बरोबर घेऊन येते आहे.