रोग ताटातला : डॉ. जोसेफ गोल्डबर्गर

स्वच्छता, व्यायाम आणि नियमितपणा म्हणजे आरोग्य, असे आपण शाळेपासून शिकत आलो. पण ज्याच्या ताटात पुरेसे अन्नच नाही त्याने हे नियम पाळून काय साधणार? या प्रश्नासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते डॉ. जोसेफ गोल्डबर्गर.

त्यांचा जन्म १८७४ साली तेव्हाच्या हंगेरीत एका ज्यू कुटुंबात झाला. १८८३ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आले. वडिलांनी किराणा दुकान थाटले. मुलगा १८९५ मध्ये डॉक्टर झाला व पुढे सरकारी आरोग्य खात्यात रुजू झाला.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा या रोगाने थैमान घातले होते. अंगावर चट्टे, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि अखेर मृत्यू! तो जमाना जंतूंच्या शोधांचा होता. त्यामुळे हा रोगही संसर्गानेच होतो, असे बहुतेक डॉक्टर मानीत. १९१४ मध्ये तपासाचे काम गोल्डबर्गर यांच्याकडे आले. अनाथाश्रमांत व वेड्यांच्या इस्पितळांत त्यांना दिसले की, तेथे राहणारे आजारी पडतात, त्यांची देखभाल करणारे नोकर मात्र नाहीत. संसर्ग असता तर त्याने असा भेद केला असता काय? भेद होता तो जेवणात. मुलांना दूध, अंडी, मांस व कडधान्ये मिळू लागताच रोग हटला.

१९१५ मध्ये मिसिसिपीतील ११ कैद्यांनी शिक्षामाफीच्या बोलीवर निकृष्ट आहार पत्करला. त्यांपैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. तरीही विरोधकांची खात्री पटेना. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्यांच्या पत्नीनेही तेच केले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

पुढे दक्षिण कॅरोलिनातील गिरणी-वस्त्यांची पाहणी त्यांनी अर्थतज्ज्ञ एडगर सायडनस्ट्रिकर यांच्यासह केली. जितकी मिळकत कमी, तितका रोग अधिक! बटाईने शेत कसणारा दारापर्यंत कापूस लावी. गाईला वा भाजीपाल्याला जागा उरत नसे. मग मक्याचे पीठ, चरबी आणि काकवी यांवरच दिवस काढायचे. आपल्या भागात उपासमार आहे, हे बोलणे दक्षिणेतील अनेक पुढाऱ्यांना झोंबले.

१९२९ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आहारात नेमके काय कमी पडते, हे त्यांना कळू शकले नाही. निकोटिनिक आम्ल हे त्याचे उत्तर १९३७ मध्ये सापडले. पुढे दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतील याच रोगाचा अभ्यास हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी केला.

मित्रहो, सकस आहाराचा उपदेश करणे सोपे आहे. गोल्डबर्गर यांनी उपदेशाआधी माणसाचे ताट पाहिले आणि ताटाआधी त्याची मजुरी. ज्यांच्या घरी महिनाअखेरीस डाळ पातळ होते, त्यांना या डॉक्टरची थोरवी समजावून सांगावी लागणार नाही.