विद्येची वारी : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

आपल्या माळकरी मंडळींपैकी पुष्कळांची मुले आज कॉलेजात शिकतात. वारीच्या वाटेवर गाठ पडली की बाप मोठ्या कौतुकाने सांगतो, पोराला प्राध्यापक करायचं आहे. चांगली गोष्ट आहे. त्यासाठी पदव्या घ्याव्या लागतात, नेट-सेटच्या परीक्षा द्याव्या लागतात, हे आता खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. पण ही झाली वेशीवरची जकात. वेशीच्या आत गेल्यावर काय करावे आणि हक्काची खुर्ची दुसऱ्याला मिळाली तर मनाची समजूत कशी घालावी, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून या खेपेस आम्ही डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते पंथाने वारकरी नव्हते, प्रार्थना समाजाचे होते. परंतु नावात रामकृष्ण, मनात तुकोबा आणि हातात अखंड अभ्यास, असा हा पुरुष होता.

त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणास झाला. वडील गोपाळराव हे मामलेदार कचेरीत कारकून. घरची स्थिती बेताचीच. १८४७ साली वडिलांची बदली रत्नागिरीस झाली, तेथे सरकारी इंग्रजी शाळा होती, म्हणून मुलाला इंग्रजी शिकावयास मिळाले. बदली दुसरीकडे झाली असती तर काय झाले असते, कोण जाणे! पुढे १८५३ साली ते मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये दाखल झाले. तेथे त्यांना दादाभाई नौरोजींसारखे गुरू लाभले. दादाभाई गणित शिकवीत आणि भांडारकरांचा ओढाही त्या वेळी गणिताकडेच होता.

मग संस्कृत कोठून आले? शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांनी त्यांना संस्कृताचा अभ्यास करण्यास सुचविले. १८५९ साली त्यांना दक्षिणा फेलो नेमण्यात आले होते. वय बावीस. इंग्रजी शिकलेला तरुण, दुसरा असता तर चार पुस्तके चाळून मोकळा झाला असता. पण भांडारकर शास्त्रीबुवांच्या पुढे मांडी घालून बसले आणि व्याकरण, न्याय, वेदान्त हे विषय जुन्या पद्धतीने शिकले. त्याच वेळी युरोपातील पंडित ग्रंथाची चिकित्सा कशी करतात, तेही त्यांनी जाणून घेतले. एका हाती पाठांतर, दुसऱ्या हाती चिकित्सा. त्यांच्या पुढच्या साऱ्या यशाचे मूळ आम्हांस येथेच दिसते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याबरोबर भांडारकरही होते. पुढच्याच वर्षी ते एम. ए. झाले. त्या काळी विद्यापीठ परीक्षा घेई आणि शिकविण्याचे काम कॉलेजांतून चाले. तेथील वरच्या जागा बहुतेक साहेबलोकांकडे असत. एम. ए. झालेल्या भांडारकरांना मिळाली ती शाळेची हेडमास्तरकी, आधी सिंधमधल्या हैदराबादेस आणि मग रत्नागिरीस.

पण हेडमास्तरकीत ते कुढत बसले नाहीत. मुलांना संस्कृत शिकविण्याजोगे सोपे पुस्तक नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी स्वतःच दोन पुस्तके लिहिली. पहिल्याचे नाव मार्गोपदेशिका, दुसऱ्याचे संस्कृतमंदिरांतःप्रवेशिका. नावे तरी किती गोड! पहिले पुस्तक वाट दाखविते, दुसरे देवळाच्या आत नेते. आपल्या वारकऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. या पुस्तकांवर पिढ्यान् पिढ्या संस्कृत शिकल्या. मोठ्या खुर्चीची वाट न पाहता, हाती आहे त्या वर्गातल्या पोराची अडचण त्यांनी आधी दूर केली.

१८६८-६९ च्या सुमारास त्यांना एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृताचे हंगामी प्राध्यापक नेमण्यात आले. याच काळात त्यांची कीर्ती परदेशी गेली. ती कशी, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. पाणिनीच्या सूत्रांवर महाभाष्य लिहिणारे पतंजली केव्हा होऊन गेले, असा वाद पंडितांत चालू होता. भांडारकरांनी महाभाष्यातील व्याकरणाची उदाहरणे बारकाईने तपासली. चालू असलेल्या क्रियेचे उदाहरण देताना पतंजलींनी पुष्यमित्रासाठी चाललेल्या यज्ञाचा उल्लेख केला आहे. क्रिया चालू आहे, म्हणजे लिहिणारा त्या राजाच्याच काळातला. पुष्यमित्र इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, तेव्हा पतंजलीही त्याच काळचे. जर्मनीतील वेबर यांच्यासारख्या नामांकित पंडिताशी १८७२ च्या सुमारास त्यांनी या विषयावर वाद केला आणि आपली बाजू पुराव्यानिशी मांडली. ते उदाहरण शेकडो शास्त्र्यांनी घोकले असेल. पाहिले ते भांडारकरांनी.

इतके झाल्यावर एल्फिन्स्टनची कायम जागा त्यांनाच मिळावी, असे कोणालाही वाटेल. ती मिळाली नाही. १८७३ साली विलायतेहून पीटर पीटरसन आले आणि त्यांना प्राध्यापकपद देण्यात आले. चार वर्षे ज्या जागेचे काम केले, त्याच जागेच्या हाताखाली भांडारकरांना साहाय्यक म्हणून राहावे लागले. हा अन्याय होता, यात आम्हांला संशय वाटत नाही. माणूस अशा वेळी एक तर नोकरीवर लाथ मारतो, नाही तर कामात अंग चोरतो. भांडारकरांनी दोन्ही केले नाही. त्यांचा नेम चुकला नाही. १८७४ साली लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी त्यांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठविला. १८७६ साली मालतीमाधव नाटकाची टीकेसह चिकित्सक आवृत्ती काढली. १८७७ साली विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतापासून पाली, प्राकृत, अपभ्रंश अशा पायऱ्यांनी मराठी, हिंदी, गुजराती या भाषा कशा उतरत आल्या, ते उलगडून दाखविले. ज्या भाषेत माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, तिची वंशावळ मांडणाऱ्या पहिल्या विद्वानांत त्यांची गणना होते. आणि ही तीनही कामे त्यांनी दुय्यम जागेवर असताना केली!

पुढे डॉ. कीलहॉर्न स्वदेशी परतल्यावर १८८२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृताचे प्राध्यापकपद भांडारकरांना कायमचे मिळाले. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळीस. तेथे त्यांनी अकरा वर्षे शिकविले, सरकारसाठी हस्तलिखितांचा शोध घेऊन हजारो पोथ्या नष्ट होण्यापासून वाचविल्या आणि १८८४ साली दक्षिणेचा प्राचीन इतिहास लिहिला. १८८५ साली जर्मनीच्या गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. १८८६ साली ते समुद्र ओलांडून व्हिएन्नाच्या परिषदेस गेले. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला आणि त्यापायी जातीचा रोष सोसला. शास्त्र वाचायचे आणि घरात मात्र रूढीला भ्यायचे, हे त्यांना जमण्यासारखे नव्हते. १८९३ साली ते सेवानिवृत्त झाले आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कारकुनाचा मुलगा ज्या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत बसला, त्याच विद्यापीठाचा तो प्रमुख झाला.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. १९१३ साली वैष्णव, शैव आणि इतर पंथांवर त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पंढरीच्या विठोबावर आणि नामदेव-तुकारामांवर स्वतंत्र विवेचन आहे. शके ११७१ म्हणजे सन १२४९ च्या यादवकालीन ताम्रपटात भीमरथीकाठच्या पौंडरीक क्षेत्राचा उल्लेख आहे. तो पुढे ठेवून माउलींच्या जन्माआधीच पंढरी हे क्षेत्र प्रसिद्ध होते, असे त्यांनी दाखविले. त्याच ग्रंथात नामदेवरायांची भाषा ज्ञानेश्वरीहून बरीच अलीकडची दिसते, म्हणून नामदेव सुमारे शंभर वर्षे पुढचे असावेत, असेही मत त्यांनी मांडले. हे मत आम्हांस मान्य नाही, आणि पुढच्या पुष्कळ अभ्यासकांनीही ते मानले नाही. अभंग तोंडोतोंडी गायले जातात आणि गाणाऱ्यांच्या तोंडी भाषा बदलत जाते. परंतु तुकोबांच्या अभंगांवर जीव असलेला हा माणूस, आवडते म्हणून पुराव्याला मुरड घालीत नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्यांच्याशी मतभेद करायचा तर आपणही तितकाच अभ्यास करून केला पाहिजे. नुसते रागावून भागत नाही.

१९११ साली त्यांना सर हा किताब मिळाला. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांना ऐंशी वर्षे पुरी झाली त्या दिवशी, पुण्यात त्यांच्या नावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी संस्थेला दिला. डेक्कन कॉलेजातल्या सरकारी पोथ्याही पुढे तेथेच आल्या. महाभारताची चिकित्सक आवृत्ती संस्थेने १९१९ साली हाती घेतली, ती १९६६ साली पुरी झाली. लावणाऱ्याने झाड लावले, फळे दुसऱ्यांनी खाल्ली. त्यांचे पुत्र देवदत्त हेही पुढे कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. २४ ऑगस्ट १९२५ रोजी भांडारकरांनी देह ठेवला. त्या दिवशी ऋषिपंचमी होती.

तेव्हा ज्या घरात प्राध्यापक व्हायला निघालेला मुलगा किंवा मुलगी असेल, त्या घराला आमचे सांगणे एवढेच. वारकरी पंढरीला जातो तो नेमाने जातो. यंदा गर्दीत दर्शन झालं नाही, कळसाला हात जोडून परतावं लागलं, म्हणून पुढच्या आषाढीला तो घरी बसत नाही. विद्येचेही तसेच आहे. जागा केव्हा मिळेल ते आपल्या हाती नाही. आजचा पाठ नीट तयार करणे, पुढ्यातल्या मुलाची अडचण सोडविणे आणि रोज थोडे नवे शोधणे, एवढे मात्र नक्की आपल्या हाती आहे. भांडारकरांनी खुर्ची नसताना हे केले, आणि खुर्ची मिळाल्यावरही सोडले नाही.

रामकृष्णहरि.