जॉर्ज बूल

बेरजेचें चिन्ह आपण पहिल्या इयत्तेंत शिकतों आणि त्याचा अर्थ कायमचा ठरला असें समजून चालतों. या समजुतीस धक्का देणारा जॉर्ज बूल हा स्वतः एक शाळामास्तरच होता.

त्याचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजीं इंग्लंडांतील लिंकन गांवीं झाला. बाप जोडे शिवून पोट भरी; पण त्याचें मन जोड्यांपेक्षां दुर्बिणींत अधिक रमे. धंदा बसला, तेव्हां सोळा वर्षांच्या जॉर्जला शिक्षकाची नोकरी धरून घरचा भार उचलावा लागला. एकोणिसाव्या वर्षीं त्यानें स्वतःची शाळा काढली. विश्वविद्यालयांत शिकण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें. लाग्रांज व लाप्लास यांचे गहन ग्रंथ त्यानें स्वतःच वाचून काढले. १८४४ सालीं रॉयल सोसायटीनें त्यास सुवर्णपदक दिलें, आणि १८४९ सालीं, पदवी नसतांही, आयर्लंडांतील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजांत तो गणिताचा पहिला प्राध्यापक झाला.

१८४७ व १८५४ सालच्या ग्रंथांत त्यानें बीजगणिताचीं जुनींच चिन्हें घेतलीं, पण त्यांच्या दोहों बाजूंस संख्यांऐवजीं वस्तूंचे समूह बसविले. क्ष म्हणजे लाल वस्तू व य म्हणजे फुलें असें धरलें, तर त्यांचा गुणाकार म्हणजे लाल फुलें. लाल वस्तूंस पुनः लाल वस्तूंनींच गुणिलें, तर लाल वस्तूच येतात. संख्यांत हा नियम शून्य व एक यांनाच लागतो. म्हणून शून्य म्हणजे कांहींच नाहीं व एक म्हणजे सर्व कांहीं, असा अर्थ त्यानें लाविला. बेरजेचें चिन्ह मात्र एकही वस्तु सामाईक नसलेल्या समूहांमध्येंच घालावयाचें, असा त्याचा निर्बंध होता. जेव्हन्स नांवाच्या तरुण पंडितानें, क्षमध्यें क्ष मिळविल्यास क्षच मानावा, असें पत्रांतून सुचविलें. बूलनें तें मान्य केलें नाहीं. पुढें बूलच्या नांवानें जें बीजगणित रूढ झालें, त्यांत मात्र जेव्हन्सचाच नियम आला.

१८६४ च्या नोव्हेंबरांत भर पावसांत सुमारें तीन मैल चालत जाऊन त्यानें ओल्या कपड्यांनींच वर्ग घेतला. त्या आजारांत ८ डिसेंबर रोजीं, पत्नी व पांच मुली मागें ठेवून, तो निवर्तला.

१९३७ सालीं अमेरिकेंत क्लॉड शॅनन यानें विजेच्या स्विचांच्या रचनेस हेंच बीजगणित लाविलें, आणि संगणकाचा पाया पडला. आज अनेक ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांत प्रोग्रॅम लिहिणारा स्वतः निर्मिलेल्या वस्तूंसाठीं बेरजेच्या चिन्हास नवा अर्थ देऊं शकतो. यास ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात. पायथन भाषेंत तेंच चिन्ह संख्यांची बेरीज करतें व शब्द एकमेकांस जोडतें. तेथें सत्य-असत्य या प्रकारास बूलचेंच नांव आहे. पण दोन सत्यांमध्यें बेरजेचें चिन्ह घातलें, तर प्रत्येक सत्य एक या संख्येप्रमाणेंच वागून उत्तर दोन येतें, आणि ‘किंवा’चें चिन्ह घातलें तर सत्यच राहतें. बूल व जेव्हन्स यांचा वाद जणूं एकाच घरांत दोन खोल्या घेऊन राहिला आहे!

विद्यार्थिमित्रहो, जुन्या चिन्हास नवा अर्थ देण्याची मोकळीक बूलनें घेतली. पण तो कोठें लागू व कोठें नाहीं, हें त्यानें आधीं सांगितलें. म्हणून चिन्ह दिसतांच उत्तर लिहूं नका. तें कशाकशांमध्यें उभें आहे, हें प्रथम पाहा.