चाळीसगावचा टांगा आणि अनुसूचित जाती आयोग

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की महाड, काळाराम, संविधान आणि दीक्षाभूमी आठवते. भेदभावाच्या तक्रारींची गावोगाव जाऊन चौकशी करणारे बाबासाहेब मात्र अनेकांना ठाऊक नसतात.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आल्यावरही जात आडवी आलीच. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींची स्थिती तपासण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ मध्ये खानदेशच्या दौऱ्यात एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तेथे एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला समाजातलाच, सवय नसलेला माणूस बसला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. बहिष्काराची चौकशी करणाऱ्यालाच बहिष्कार भोगावा लागला.

समिती अहवाल देते आणि संपते. अन्याय मात्र रोज घडतो. म्हणून १९४७ साली शेड्युल्ड कास्ट फेडरेशनतर्फे संविधान सभेपुढे ठेवलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी महालेखापरीक्षकाच्या दर्जाचा कायमस्वरूपी अधिकारी मागितला. अल्पसंख्याकांना सरकार आणि समाज कसे वागवतात, याचा वार्षिक अहवाल त्याने द्यावा, अशी ती मागणी होती. संविधानाच्या कलम ३३८ मध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी विशेष अधिकारी आला. १९९० च्या घटनादुरुस्तीने त्याजागी आयोग आला आणि २००४ पासून अनुसूचित जातींचा राष्ट्रीय आयोग स्वतंत्र झाला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली; ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षा घेतलेल्यांना केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० साल उजाडले. त्यानंतरच या आयोगाचे दार आपल्यासाठी उघडले.

आयोग शिक्षा देत नाही. गुन्हा पोलिसांत नोंदवावा लागतो आणि निकाल न्यायालय देते. पण चौकशीत अधिकाऱ्याला बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत. साकीनाक्याच्या वस्तीतील नोकरदाराची बढती जातीमुळे अडली किंवा पोलिसांनी तक्रार घेतली नाही, तर कागदपत्रांसह लेखी अर्ज करावा. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या घरात या अर्जाची माहितीही असली पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!