औतामागे चालणारा पंडित

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सकाळी चहाचा कप हातात असतानाच पुतणीचा फोन आला. ती शिकायला कोपनहेगनला असते. सुटीत मैत्रिणींबरोबर आइसलँड बघून आली होती आणि काकाला सगळे सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नव्हते. बर्फ झाले, ज्वालामुखी झाले, उकळत्या पाण्याचे झरे झाले आणि मग ती तिथल्या जुन्या हस्तलिखितांकडे वळली. वासरांच्या कातड्यावर लिहिलेल्या, सातशे वर्षांपूर्वीच्या त्या गोष्टी तिथली माणसे आजही आवडीने वाचतात, याचे तिला फार अप्रूप वाटले होते. बोलता बोलता तिने मला विचारले, की आपल्याकडे त्या काळात साध्या बोलीत, साध्या माणसांविषयी कुणी असे लिहिले आहे का?

मी लगेच म्हाइंभटांचे नाव घेतले. तिने ते शाळेत ऐकले होते. मराठीतला पहिला चरित्रग्रंथ कोणता आणि तो कोणी लिहिला, या एका गुणाच्या प्रश्नापुरते. फोन ठेवल्यावर मनात आले, आपल्यापैकी तरी किती जणांना त्या एका गुणापलीकडचे म्हाइंभट ठाऊक आहेत?

आधी आइसलँडविषयी थोडे सांगितले पाहिजे. नवव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वे आणि आसपासच्या बेटांवरून काही कुटुंबे त्या ओसाड बेटावर जाऊन राहिली. त्यांना राजा नव्हता. ९३० च्या सुमारास त्यांनी आल्थिंग नावाची सभा सुरू केली. दर उन्हाळ्यात लोक उघड्या माळावर जमत, तंटे सोडवत, सोयरिकी जुळवत. कायदा लिहिलेला नव्हता. एक जाणता माणूस तो तोंडपाठ म्हणून दाखवी. दरवर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांत पूर्ण. पुढे बाराव्या-तेराव्या शतकांत ही माणसे लिहू लागली. पूर्वजांची शेते, भाऊबंदकी, खून, खटले, लग्ने हे सारे त्यांनी लॅटिन बाजूला ठेवून स्वतःच्या भाषेत, साध्या गद्यात उतरवले. या कथांना सागा म्हणतात. त्यांतली सर्वांत नावाजलेली न्यालची सागा १२८० च्या आगेमागे लिहिली गेली, असे अभ्यासक मानतात.

आता नकाशावरचे बोट उचला आणि आपल्या देवगिरीवर ठेवा. तिथे १२७१ पासून रामचंद्रदेव यादव गादीवर आहे. त्याचा मंत्री हेमाद्री व्रते, दाने आणि श्राद्धे यांवर संस्कृतात प्रचंड ग्रंथ सिद्ध करतो आहे. विद्या म्हणजे संस्कृत, हे तेव्हा सांगावेही लागत नसे. आणि त्याच काळात, शके १२०० च्या सुमारास, म्हणजे १२७८ मध्ये, तसाच एक संस्कृत पंडित विदर्भातल्या ऋद्धिपुरात बसून लोकांच्या आठवणी मराठीत लिहून काढतो आहे. हेच आपले म्हाइंभट.

वादासाठी आलेला विद्वान

म्हाइंभट मूळचे सराळ्याचे. शास्त्रांत पारंगत, घरी संपन्नता, आणि विद्येचा अभिमानही विद्येच्या तोलाचा. चक्रधरस्वामींचे नाव त्यांच्या कानी आले, तेव्हा वादात त्यांना जिंकावे या ईर्षेने ते डोमेग्रामला गेले. डोमेग्राम म्हणजे गोदाकाठचे, श्रीरामपूर तालुक्यातले आजचे कमालपूर.

चक्रधर हे मूळचे गुजरातचे. संसार सोडून बाहेर पडलेले, ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना गुरू मानणारे. आपल्या या भागाशी त्यांचे नाते फार जवळचे. वेरूळच्या लेण्यांत ते महिनोन्‌महिने राहिले. पैठणला बाइसा त्यांना भेटल्या आणि पुढे अखेरपर्यंत त्यांची सेवा करीत राहिल्या. ते बोलत ते मराठीत. त्यांच्याभोवती बायका असत, नाना जातींची माणसे असत, प्रश्न विचारायला कुणालाच मज्जाव नव्हता. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती.

डोमेग्रामला वाद झाला आणि म्हाइंभट हरले. हरलेले पंडित अनेक असतात. हा पंडित हरला आणि शिष्य झाला. परंतु परंपरा सांगते, की त्यांचे घरदार, पैसा, मान एका दिवसात सुटला नाही. ते सर्वार्थाने पंथात आले ते स्वामी निघून गेल्यावर. मला म्हाइंभट जवळचे वाटतात ते इथेच. माणूस समोर आहे तोवर घरची कामे सुटत नाहीत, आणि माणूस गेल्यावर आपण धावत सुटतो. हे तुमचे-माझेच आहे.

लिहिण्याची गरज

१२७४ च्या सुमारास चक्रधर उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेली मंडळी ऋद्धिपुरात गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. नागदेवाचार्य त्यांचे प्रमुख. हे ऋद्धिपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर. नागदेव एकटे बसून काही आठवत असत. म्हाइंभटांनी विचारले, काय चालले आहे? स्वामींच्या लीळा स्मरतो आहे, असे नागदेव म्हणाले. त्यावर म्हाइंभटांच्या मनात आलेला विचार अगदी व्यवहारी होता. तुम्ही पाहिले म्हणून तुम्ही आठवता. ज्यांनी पाहिलेच नाही, त्या पुढे येणाऱ्यांनी काय आठवायचे? तेव्हा हे लिहून ठेवले पाहिजे. नागदेवांनी होकार दिला आणि वाजेश्वरीच्या एकांतात लेखन सुरू झाले.

नागदेव सांगत, म्हाइंभट लिहीत. पण सगळ्याच प्रसंगी नागदेव हजर नव्हते. अशा वेळी म्हाइंभटांनी ऐकीव गोष्टीवर भागवले नाही. जो तिथे होता, त्याला शोधत ते गेले. एक आठवण तर मला फार आवडते. एक भक्त शेतात औत हाकत होता. कामाचे दिवस, त्याला बसून बोलायला सवड नव्हती. तेव्हा शास्त्रांत नावाजलेला हा पंडित त्याच्या औताबरोबर ढेकळांतून चालत राहिला आणि चालता चालता त्याने त्याच्याकडून लीळा ऐकून घेतल्या, असे परंपरा सांगते. डोमेग्रामला वाद जिंकायला निघालेला माणूस तो हाच. ज्ञान शेतकऱ्याच्या तोंडी असेल तर त्याच्या मागे चालावे लागते, हे त्याला कळले होते.

अशा हजाराहून अधिक लीळा जमल्या आणि लीळाचरित्र तयार झाले. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे त्याचे भाग. ग्रंथ धर्माचा आहे, पण त्यातून तेराव्या शतकातला अवघा महाराष्ट्र चालत जातो. गावे, वाटा, देवळे, बाजारातले दाम आणि आसू, जेवणातले पदार्थ, बायकांची रुसवीफुगवी, शिष्यांचे हेवेदावे, आजारपणे, चोर. चक्रधरांनी शिष्यांना रागे भरल्याच्या आठवणी आहेत, तशा शिष्यांच्या फजितीच्याही. भक्ताने लिहिले, म्हणून ते पुसून टाकलेले नाही.

सागांशी तुलना करताना एक भेद मात्र सांगायला हवा. सागा लिहिणाऱ्यांची नावे बहुधा ठाऊक नाहीत, आणि दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या घटना त्यांनी रचून सांगितल्या. म्हाइंभट चार-पाच वर्षांच्या आत लिहायला बसले, आणि ज्यांनी पाहिले त्यांना विचारून लिहिले. पुढे १२८७-८८ च्या सुमारास गोविंदप्रभू गेले, तेव्हाही त्यांनी थांबून चालवले नाही. ऋद्धिपूरच्या गावकऱ्यांच्या, बाळगोपाळांच्या आठवणी गोळा करून त्यांनी गोविंदप्रभूंचे चरित्र सिद्ध केले.

हरवले, पुन्हा जमवले

पुढची कथा दुःखाची आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर आला आणि त्यानंतर स्वाऱ्यांवर स्वाऱ्या झाल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. एवढे सगळे चालणे, विचारणे, लिहिणे मातीमोल झाले असते. परंतु ज्यांना लीळा पाठ होत्या, त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या. त्यांत हीराइसा नावाच्या एका बाईंची स्मरणशक्ती विलक्षण होती. त्यांच्या नावाचा पाठ आजही ओळखला जातो. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर एकाला खोटे ठरवले गेले नाही. दोन्ही नोंदी ठेवल्या गेल्या. अशा पाठभेदाला पंथात वासना म्हणतात.

चौदाव्या शतकात हे वाङ्मय सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत गेले आणि मठांच्या पेटाऱ्यांत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्या प्रयत्नांनी ती लिपी उलगडली. १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी नागपूरहून लीळाचरित्र छापायला घेतले, पुढे शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांनी त्याच्या आवृत्त्या काढल्या. आइसलँडची हस्तलिखितेही अशीच भोगून आली. १७२८ मध्ये कोपनहेगनच्या आगीत कितीतरी जळाली. उरलेली मायदेशी परतू लागली ती १९७१ मध्ये. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दाव्यामागे जी जुनी पाने उभी होती, त्यांत म्हाइंभटांची पाने होती.

आमची वही

हे सगळे मी पुतणीला पुढच्या रविवारी सांगितले, आणि सांगता सांगता माझीच जीभ अडखळली.

आमचे मूळ गाव पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठी होते. १९६५ मध्ये जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये धरण झाले आणि गाव नाथसागराच्या पाण्याखाली गेले. माझ्या आत्याला ते गाव घरागणिक पाठ होते. कुणाची विहीर कुठे, कोणत्या वाड्यात कोणती भांडणे झाली, पूर आला की नाव कुठे बांधत. हे लिहून घ्यायचे म्हणून मी वही आणली होती. पहिल्या पानावर गावाचे नाव घातले, खाली रेघ ओढली. दिवाळी झाली की बसू, उन्हाळ्यात बसू, असे करता करता पाच वर्षे गेली आणि आत्या गेली. वहीत गावाच्या नावापुढे एक शब्द नाही. यात दोष द्यायला दुसरा कुणीही नाही.

त्या दिवशी फोन ठेवला आणि ती वही काढली. गावातली दोन वृद्ध माणसे अजून आहेत. एक गंगापूरजवळ, दुसरे इथेच, शहरात लेकाकडे. दर रविवारी एकाकडे जातो. दोघांचे एकमेकांशी पटत नाही. मारुतीचा पार वेशीच्या आत होता असे एक म्हणतात, बाहेर होता असे दुसरे. पूर्वी मी चिडलो असतो, खरे काय ते शोधत बसलो असतो. आता दोघांच्याही नावासकट दोन्ही लिहितो.

गंगापूरचे आजोबा अजूनही सकाळी शेतात जातात. एका जागी बसून त्यांना सांगता येत नाही. मग मीही त्यांच्यामागे बांधाबांधाने चालतो, आणि वही भिजू नये म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालतो.